माळवदातला बैल



सोयाबीन शेंगा भरायच्या अवस्थेत आहे, आठ दिवसांची उघडीप झालीय, हलक्या रानात दुपारी पानं माना टाकायलीत. त्यावर पुढच्या नोंदीत लिहितो. आज लिहायचंय ते मातीबद्दलच, पण पिकाच्या मातीबद्दल नाही. पोळा जवळ आला आणि आमच्या दावणीला यंदा पहिल्यांदा बैल नाही. चैत्रात जोडी विकली. कारणं तुम्हाला माहीत आहेत, कडबा, माणूस, माझे गुडघे. त्यावर रडत बसत नाही. पण घरात एक बैल आहे, तो विकण्यातला नाही, आणि तोही आता घराबाहेर जाणार आहे. त्याची ही हकीकत.

वीतभर लांबीचा भाजक्या मातीचा बैल आहे तो. पुढचे दोन पाय गुडघ्यापासून गेलेले, एक शिंग मुळापासून तुटलेलं, दुसऱ्याचा नुसता कोंब. तोंडाचा भाग झिजून गुळगुळीत झालाय. पण वशिंड असं उभं आहे की लांबून बघितलं तरी कुणीही सांगेल, हा बैल. आमच्या देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी तो तीस वर्षांवर बसलेला आहे.

तो आला कुठून, तर आमच्याच डोक्यावरून.

आमचं गाव तेरणेच्या काठाला, धाराशिव जिल्ह्यात. जुनं घर चार खणांचं माळवद. नव्या पोरांसाठी सांगतो: दगडमातीच्या जाड भिंती, वर सागाच्या तुळया, त्यावर किलच्या, त्यावर लिंबाचा पाला, आणि सगळ्यावर पांढरीची माती. ही पांढरी म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती. काळी पिकाची, पांढरी वस्तीची, हे आपल्याकडं लहान लेकरालाही कळतं. शेकडो वर्षं जिथं चुली पेटल्या, गुरं बांधली, भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, तिथली ती राखाडी-पांढरी, मऊ माती. काळ्या मातीसारखी ती भेगाळत नाही, म्हणून छतावर चालते. दर वर्षी मृगाच्या आधी माणसं टेकाडावर गाडी घेऊन जायची, दोन-चार गाड्या पांढरी आणायची आणि गळतं तिथं थर द्यायची. माझ्या आजोबांनी दिले, बापानं दिले. जुना थर कुणी काढत नसे. त्यामुळं छताची जाडी पिढीगणिक वाढत गेली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र, लोक गणपती बोळवून दमून झोपलेले. चार वाजायच्या सुमाराला जमीन हलली आणि लातूर-धाराशिवकडची हजारो माणसं त्याच भिंतींखाली, त्याच पांढरीच्या ओझ्याखाली गेली. आमचं गाव केंद्रापासून लांब होतं. आमची मागची भिंत फुगली, एक तुळई सरकली, छत मात्र पडलं नाही. महिनाभर आम्ही अंगणात झोपलो. मग बापानं ठरवलं, वरची माती खाली काढायची. मी तेव्हा कॉलेजात, विशीच्या आत-बाहेर. दोघं भाऊ टोपल्यानं माती खाली टाकत होतो. कमरेला लागेल एवढा थर निघाला. एवढं ओझं डोक्यावर घेऊन आपण निवांत झोपत होतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं.

त्या ढिगात खापरं होती, हाडं होती, शंखाच्या बांगडीचा तुकडा होता आणि हा बैल होता. खापरं आम्ही उकिरड्यावर टाकली. बैल आईनं उचलला, धुतला आणि देवघरात ठेवला. तिचं म्हणणं सरळ होतं, "एवढी वरसं डोक्यावर हुता, म्हणूनच घर तोललं." तिला कोण काय सांगणार? आणि खरं सांगू का, त्या महिन्यात आमच्यापैकी कुणालाच तिला खोटं पाडायचं नव्हतं.

आता थोडा इतिहास, कारण मला स्वतःला तो फार उशिरा कळला.

आपल्या खांद्यावर वशिंड असलेल्या बैलाचं मूळ बलुचिस्तानातल्या मेहरगढकडं दाखवतात. तिथं साधारण नऊ हजार वर्षांपूर्वीपासून ही गुरं माणसाळवली जात होती. पुढं सिंधू संस्कृतीत भाजक्या मातीचे बैल आणि मातीच्या छोट्या गाड्या इतक्या सापडल्यात की मोजदाद कंटाळवाणी व्हावी. मोहेंजोदडोचा एक प्रकार तर असा, की बैलाचं डोकं वेगळं बनवून मानेत दोरीनं अडकवलेलं. दोरी ओढली की मान हलते. राजस्थानात कालीबंगनला तर नांगरलेलं अख्खं रान निघालं, साधारण पाच हजार वर्षांपूर्वीचं. तास दोन्ही अंगांनी काढलेले. एका दिशेनं सुमारे ३० सेंटिमीटरवर, आडव्या दिशेनं सुमारे १.९ मीटरवर. त्या भागात अलीकडंपर्यंत जवळच्या तासात हरभरा आणि लांबच्या तासात मोहरी अशी पद्धत होती, तिच्याशी ते तंतोतंत जुळलं. आंतरपीक आपण विद्यापीठाकडून शिकलो असं ज्यांना वाटतं त्यांनी ही नोंद जपून ठेवावी. हरियाणात बनावलीला मातीचा छोटा नांगरही मिळालाय. बैल, गाडी, नांगर, सगळं मातीत. आपल्या पोरांच्या चिखलातल्या खेळात अजून हेच तीन असतात.

महाराष्ट्रातला बैल बघायचा तर पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला जावं लागतं. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ तिथं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची शेतकऱ्यांची वस्ती. मुख्य पीक जव, जोडीला गहू, मसूर, कुळीथ. नदीचं पाणी वळवायला त्यांनी बांध घातला होता, पाट काढला होता. आणि एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल पेटी पुरलेली निघाली. पेटीत एक बाईची मूर्ती. झाकणावर दुसरी, तिला डोकं नाही, आणि तिच्याबरोबर एक बैल. बैलाच्या पाठीवर भोकं होती, बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटालाही भोक होतं. काडी घातली की बाई बैलावर बसते.

मला यात सगळ्यात मोठी वाटली ती गोष्ट वेगळीच. ही सगळी माती कच्ची होती. ज्यांची भाजलेली, रंगवलेली भांडी आज काचेत ठेवलीत, ज्यांना भट्टी उत्तम येत होती, त्यांनी देवी आणि बैल मात्र भाजले नाहीत. जाणकार म्हणतात, तात्पुरत्या पूजेसाठी केले असावेत. मला पुस्तक वाचताना हसू आलं. आपला पोळ्याचा बैल कोण भाजतं? कुंभार ओलाच आणून द्यायचा, चुन्याचं बोट फिरवलेलं असायचं, पूजा झाली की लेकरं घेऊन पळायची आणि आठ दिवसांत बैल पुन्हा माती. कर्नाटकात, आपल्या सीमेला लागून, ज्येष्ठ अमावास्येला मातीच्या बैलांचीच अमावास्या पाळतात. तिकडं तिचं नावच मण्णेत्तिन अमावास्या, म्हणजे मातीच्या बैलाची. पेरणी नुकती होत असते आणि ओल्या मातीचा बैल देवघरात बसतो.

अभ्यासक यावर भांडतात, की जुना मातीचा बैल हा देव होता की खेळणं? माझं मत विचाराल तर भांडणच फुकट आहे. सकाळी तो देव असतो, दुपारनंतर खेळणं. नागपूरकडं तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल ओढत नेतात. तो सण आहे की खेळ, हे त्या लेकराला विचारा.

आता आमच्या तेरकडं येतो. आमच्या गावापासून जवळ. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' नावाच्या प्रवासवहीत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर असलेल्या तगर नावाच्या मोठ्या शहराचा उल्लेख आहे. साधं कापड, मलमल असा माल तिथून भडोचच्या बंदराला जात होता, आणि जात होता गाड्यांवरून, वाट नसलेल्या मुलखातून. हे तगर म्हणजे आपलं तेर. वाट नसलेल्या मुलखात भरलेली गाडी ओढणं म्हणजे काय, हे ज्यानं पावसाळ्यात काळ्या रानातून कडब्याची गाडी काढलीय त्यालाच कळेल. रोमच्या बाजारात आपली मलमल पोचली, त्यातला पहिला टप्पा बैलाच्या खांद्यावरचा होता. पुस्तकात व्यापाऱ्याचं कौतुक असतं, घट्टे पडलेल्या खांद्याचं नसतं.

तेरच्या टेकाडांत सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती मिळाल्या. त्यात केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या, खूप. त्या हातानं वळलेल्या नाहीत. दोन साचे, पुढचा आणि मागचा, त्यात माती दाबायची, दोन अर्धी जोडायची, आतून पोकळ. इनामगावच्या अंगठ्यानं दाबलेल्या बैलापासून साच्यापर्यंत हजार-बाराशे वर्षं गेली. पावसानं टेकाडं धुतली की या वस्तू वर येतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या आयुष्यभर गोळा केल्या, त्यातून तेरचं संग्रहालय उभं राहिलं. गेला नसाल तर जा, एसटी थेट जाते.

आणि तेर म्हटलं की गोरोबाकाका आलेच. माती तुडवता तुडवता विठ्ठलाच्या नादात पोटचं लेकरू पायाखाली गेलं, ही कथा आपण कीर्तनात ऐकत मोठे झालो. संतांच्या मेळ्यात थापटण्यानं डोकी वाजवून कच्चं मडकं कोणतं ते सांगणारे तेच. मला कच्च्या-पक्क्याचा विचार आला की तो प्रसंग आठवतो. भाजलेलं ते पक्कं, हे खरं. पण पक्कं झालेलं पुन्हा मातीत मिसळत नाही, खापर होऊन राहतं. आमच्या उकिरड्यावर पडलं तसं.

त्या उकिरड्याचं मला आता वाईट वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. पांढरीची माती आम्ही छतावर टाकली, उरलेली रानातही टाकली, कारण तिच्यानं पीक चांगलं येतं. येणारच. माणसांच्या आणि गुरांच्या वस्तीची राख, हाडं, शेण यांचा स्फुरद त्या मातीत शतकानुशतकं साठलेला असतो. पुरातत्त्ववाले जुनी वस्ती शोधायला मातीतला स्फुरद तपासतात, म्हणजे त्यांचं आणि आपलं माती परीक्षण एकाच मुळाशी येतं. पण गाडीनं माती उचलली की कोणत्या थरातली वस्तू कोणत्या थरातली, हे कायमचं गेलं. बैल हातात असतो, पण त्याचं वय त्याच्या शेजारच्या मातीत असतं. आमच्या बैलाची ती माती आजोबांनी खोऱ्यानं ओढली. त्यांचा दोष नाही. घर गळत होतं.

मागच्या महिन्यात नातीनं देवघरातून बैल काढला आणि अंगणात पळवला. शेपटीचा होता तेवढा तुकडाही गेला. मी ओरडलो, ती रडली, आई माझ्यावर ओरडली, "खेळू दे की, बैल हाय त्यो." पण त्या रात्री मला झोप आली नाही. असं काही सापडलं की तहसीलला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवायचं असतं, हे मला मागंच कळलं होतं आणि मी वर्षानुवर्षं टाळत आलो होतो. १९७४ साली दायमाबादला, तिकडं नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. रथ ४५ सेंटिमीटरचा, त्यावर उभा माणूस. त्या मोडीत गेल्या असत्या तर आज त्यांचा फोटोही नसता. आमचा बैल तेवढा मोठा नाही, पण आमच्यानंतर नात त्याला सांभाळेल याची हमी मी देऊ शकत नाही.

आईला सांगितलं. ती ८४ वर्षांची आहे. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ने. पण जागा मोकळी ठिवू नगस. तुझ्या हातानं कर आन् बसव, मग ने."

झालं. बाजारात रंगीत बैलजोड्या ढिगानं मिळतात, पण त्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या. जिप्सम चोपण रानात टाकायला चांगलं, पण देवघरातला बैल पोळ्यानंतर ओढ्यात तसाच पडून राहावा हे आईला पटत नाही. गावातलं कुंभाराचं चाक बंद होऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा मीच बसलो.

पहिला बैल विहिरीच्या काळ्या मातीचा केला. चुकलं. शेतकऱ्यानं तरी हे करायला नको होतं. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आटते. रानात भेगा पडतात तशाच बैलाला पडल्या. दुसऱ्या दिवशी मान वेगळी, धड वेगळं. तेरच्या कारागिरांनी केओलिन का धरलं असेल ते तेव्हा उमगल्यासारखं वाटलं, ती माती आटते कमी.

दुसऱ्यांदा तलावातला गाळ घेतला. वाळवला, कुटला, पिठाच्या चाळणीनं चाळला. दोन वाट्या गाळ, एक वाटी बारीक वाळू, मूठभर वाळलेलं चाळलेलं शेण. कुंभार लीद घालायचा, मला मिळाली नाही. सरकीवरचा थोडा कापूस पिंजून घातला, तो आतून धरून ठेवतो. रात्रभर ओल्या फडक्यात झाकली. सकाळी अर्धा तास मळली. मातीची वात करून बोटाला गुंडाळली, तुटली नाही, मग हात घातला.

करताना देवघरातला बैल समोर ठेवला होता. एकच गोळा घ्यायचा, पाय त्यातूनच ओढायचे, वेगळे चिकटवले की वाळताना सुटतात. चारी पाय जाड ठेवायचे. वशिंडाला वरून दोन बोटांची चिमट घ्यायची. गळ्याखालची पोळी अंगठ्यानं खाली ओढायची. शिंगाच्या आत तुराटीची बारीक काडी. मी आमच्या विकलेल्या खिल्लारासारखी शिंगं मागं वळवायला गेलो, ती लोंबायला लागली. शेवटी आखूडच केली.

वशिंडाची चिमट घेताना मात्र हात थांबला. जुन्या बैलाच्या वशिंडाच्या दोन्ही बाजूंना खळगे आहेत. तीस वर्षं मी त्यांना झीज समजत होतो. माझ्या ओल्या बैलावरही तसेच खळगे उमटले, त्याच जागी. मी जुना बैल उचलून त्या खळग्यांत बोटं ठेवली. एका बाजूला अंगठा बसला, दुसऱ्या बाजूला तर्जनी बसेना, खळगा लहान होता. बाईचा हात असेल, नाहीतर लेकराचा. आईला दाखवलं. तिनं बोट ठेवलं, तिचं बसलं.

सावलीत पाच दिवस वाळवला. उन्हात घाई करू नका. मग चुन्याचे दोन हात. गेरूनं झूल काढली. काजळ तेलाचं लावलं तर पसरलं, म्हणून तव्याची काजळी बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवून डोळे आणि खूर केले. शिंगांना हिंगूळ, टोकाला बेगडाचा तुकडा. गोंडे पिवळे करावेत म्हणून नातीनं हळद कालवली आणि ओल्या चुन्यावर लावली, तर बघता बघता ती लाल झाली. ती घाबरली, तिला वाटलं बैलाला रक्त आलं. हळदीला चुना लागला की लाल होते, कुंकू असंच करतात, हे तिला समजावलं. तेव्हापासून घरातल्या सगळ्या भांड्यांवर तिचा प्रयोग चालू आहे.

बैल तयार आहे. उजव्या मागच्या पायाला बारीक चीर आहे, गाळाची लापशी करून भरलीय. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आई त्याची खांदेमळणी करणार म्हणते, हळद आणि लोणी लावून. कच्च्या मातीला लोणी म्हणजे डाग पडणार, पण मी बोललो नाही. जुना बैल त्या दिवशी शेवटचा पूजेला असेल. कापसात गुंडाळून शेवयाच्या डब्यात ठेवायचा ठरलंय, सोबत एक कागद: कोणत्या टेकाडाची माती, कोणत्या साली छतावर गेली असावी, कधी काढली. आजोबांच्या वहीत पांढरीच्या गाड्यांचा हिशेब आहे, त्यातली साल शोधतोय.

तुमच्यापैकी कुणाकडं माळवद उतरवायचं काम चालू असेल तर माती टाकायच्या आधी एकदा चाळून घ्या. आणि लीद कुठं मिळते तेवढं कळवा, पुढच्या वर्षी जोडी करायची आहे.